दोन पात्यांचा एक ठिपका

उलगडला तरी हा जुना नकाशा लगेच सपाट पडत नाही. घडीघडीवर थोडा उभा राहतो, कोपरे वर उचलतो, टेबलाला टेकायचं की नाही याचा विचार करत बसतो. त्याच्यावर जोर करायचा नाही, हे आमच्या घरातल्या लहान मुलांनाही माहीत आहे. वाळू भरून शिवलेल्या चार कापडी पुरचुंड्या चार कोपऱ्यांवर ठेवायच्या आणि चहा प्यायला दुसऱ्या खोलीत जायचं. चहा त्याच्या खोलीत आणायचाच नाही. परत येईतो तो सैलावलेला असतो. दोनशे वर्षांचं वय आहे, आणि त्यातली बहुतेक वर्षं त्याने एका पुस्तकाच्या पोटात घडी घालून काढली आहेत. ती सवय एका सकाळीत कशी सुटेल?

घरात सगळे त्याला 'माल्कम' म्हणतात. "आज माल्कम काढलाय का?" असं बायको दारातूनच विचारते, हात कोरडे करते आणि मगच आत येते. खरं तर हे त्याच्या कर्त्याचं नाव. महाबळेश्वरच्या माल्कमपेठेमुळे सर जॉन माल्कम महाराष्ट्रात ओळखीचा आहे. १८२७ ते १८३० तो मुंबईचा गव्हर्नर होता. आम्हा माळव्यातल्या मराठी माणसांशी त्याचा संबंध त्याच्याही आधीचा, आणि जास्त दुखरा. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांची फौज मोडली, ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला आणि पुढच्या वर्षभरात एकेक दरबार त्याच्या कागदावर मोहोर उमटवत गेला. देवासचा करार १२ डिसेंबर १८१८ चा, धारचा १० जानेवारी १८१९ चा. चारेक वर्षं या मुलखात राहून त्याने जे जमवलं, ते १८२२ मध्ये कलकत्त्याला अहवाल म्हणून छापलं गेलं आणि १८२३ मध्ये लंडनला 'अ मेमॉयर ऑफ सेंट्रल इंडिया' या दोन खंडांच्या पुस्तकात आलं. त्या पुस्तकाबरोबर मध्य हिंदुस्थानचा जो मोठा नकाशा निघाला, त्याचीच ही एक प्रत.

त्याला भेटायची वेळ सकाळची. खिडकीतून तिरपा उजेड येतो, तेव्हा भिंग घेऊन बसावं. पहिल्यांदा दिसते ती दाबाची चौकट. कागदाच्या कडेपासून थोडं आत कागद एका सरळ रेषेत किंचित खाली बसलेला आहे. डोळे मिटून बोट फिरवलं तरी ती चौकट लागते. तांब्याचा पत्रा जिथं संपत होता ती ही कड. पत्र्यावर कोरणीने चर काढायचे, चरांत शाई भरायची, वरची शाई पुसून काढायची, ओलसर केलेला कागद वर घालून रुळाखालून दाबून काढायचा. चरातली शाई कागद वर ओढून घेतो. म्हणून त्याची प्रत्येक रेघ कागदावर अगदी थोडी फुगून उभी असते. आजच्या छपाईत रेघ कागदावर पडून असते, तिला उंची नाही. आणि हे सगळं उलटं कोरलेलं: नद्या उलट्या वाहणाऱ्या, गावांची नावं आरशात दिसतात तशी. विंध्याच्या उतारावर आखूड केसासारख्या रेघा आहेत, चढ जिथं तीव्र तिथं दाट, सपाटीला येता येता विरळ. त्यातली एकेक रेघ कोणीतरी मान खाली घालून धातूतून ओढली आहे. मांडूच्या खालची निमाडाकडे उतरणारी कड मी प्रत्यक्ष पाहिलेली आहे, पावसाळ्यात ढग पायाखाली असतात. ती कड त्या रेघांत भिंगाखाली पाहताना आजही माझा श्वास थोडा अडकतो.

तांबं मऊ असतं. प्रती काढाव्यात तसे चर बुजत जातात आणि रेघा फिकट होतात. माझी प्रत कितवी ते कळायला मार्ग नाही. पण नर्मदेची दुहेरी रेघ काळीभोर आहे, म्हणजे पत्रा अजून ताजा असणार. कागद चिंध्यांचा, जाड, दुधाळ. लाकडाच्या लगद्याचा कागद त्यानंतर कित्येक वर्षांनी आला. आमच्या घरातलं १९६० सालचं वर्तमानपत्र हातात घेतलं की कुरकुरत तुटतं. हा मात्र वाकतो.

धारच्या एका स्नेह्याने मला एकदा तोंडावर विचारलं होतं, "जिंकणाऱ्याने काढलेला नकाशा तुम्ही उराशी कशाला धरता?" प्रश्न रास्त होता. फौज हलवायला, वसुली ठरवायला, तह लिहायला नकाशा लागतो, म्हणून तो काढला गेला, यात काही शंका नाही. मी त्यांना भिंग दिलं आणि गावांची नावं वाचायला सांगितली. त्या काळी मोजणी व्हायची ती वाटेवरून. मैल मोजायचं चाक ढकलत माणूस चालायचा, होकायंत्रावर वळणाची दिशा टिपायची, रात्री ताऱ्यांवरून अक्षांश काढायचा. पण समोर दिसतंय ते खेडं कोणतं, हे चाक सांगत नाही आणि ताराही सांगत नाही. ते सांगतो बांधावर उभा असलेला माणूस. त्याच्या तोंडून जे निघालं ते साहेबाच्या कानाला जसं लागलं तसं कागदावर उतरलं. माल्कमच्या हिज्ज्यांत देवासच्या शेवटी दोन 'एस' येतात, तो ओढलेला शेवट आमच्या माळवी बोलीत मला अजून ऐकू येतो. देवासच्या पवारांचं 'पुआर' झालं. घराण्याचं आडनाव इंग्रजीत आजही तसंच लिहिलेलं दिसतं. नकाशा साहेबाचा खरा, पण त्याच्यात बोलतोय तो आपला माणूस. स्नेह्यांनी बराच वेळ भिंग खाली ठेवलं नाही.

या नकाशाचं घराणंही मोठं आहे. आद्य पुरुष म्हणावा असा १६१९ चा नकाशा: सर टॉमस रोच्या माहितीवरून विल्यम बॅफिनने काढलेला. उत्तरेतल्या उपसागराला ज्याचं नाव आहे तोच हा दर्यावर्दी. रो इंग्लंडच्या राजाचा वकील म्हणून जहांगीराबरोबर १६१७ मध्ये मांडूला राहिला होता, म्हणजे आजच्या धार जिल्ह्यातच. पुढे डच कारागिरांनी त्याच धर्तीवर मोगल साम्राज्याचे देखणे नकाशे कोरले. मग फ्रेंच द'आन्विलचा १७५२ चा, जो माहीत नाही तो भाग कोरा ठेवणारा. मला त्याचा हा प्रामाणिकपणा फार आवडतो. मग रेनेलचा १७८२ चा. त्या वेळी माळव्याची माहिती फौजांच्या आणि वकिलांच्या वाटांपुरतीच होती. १७८५ मध्ये इंग्रज वकील मॅलेट महादजी शिंद्यांच्या भेटीला सुरतेहून उज्जैनमार्गे आग्र्याकडे गेला, तेव्हा चार्ल्स रेनल्ड्स बरोबर मोजणी करत होता. असे एकेक धागे टाकत माळव्याचं कापड विणलं गेलं. माल्कमच्या वेळी ते पहिल्यांदा अंगभर झालं.

आता त्याच्या रंगांविषयी. मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते त्यांच्याचविषयी.

रंग छापलेला नाही. काळ्या रेघांची प्रत छापून झाल्यावर ती रंगाऱ्यापुढे यायची. लंडनच्या नकाशा-दुकानांमागच्या खोल्यांत हे काम चालायचं आणि त्यात बायका असत, मुलं असत. त्यांची नावं कुठंच नाहीत. कोरणाऱ्याचं नाव कधी कधी कोपऱ्यात बारीक अक्षरांत सापडतं, रंगवणाऱ्याचं कधीच सापडत नाही. पाण्यात डिंक घालून खलवलेला रंग, बारीक कुंचला, समोर नमुन्याची प्रत. माझ्या प्रतीत रंग फक्त सरहद्दीच्या कडेकडेने ओढलेला आहे, बोटभर रुंद, आतल्या बाजूला विरत गेलेला. गुलाबी, पिवळा, फिकट हिरवा.

आणि रंगवायला दिला काय, तर माळवा! ज्यांनी संस्थानी माळव्याचा नकाशा पाहिलेला नाही त्यांना कल्पना येणार नाही. शिंद्यांच्या मुलखात होळकरांचा परगणा, होळकरांच्या पोटात पवारांची गावं, मध्येच एखादा ठाकूर. गोधडीला ठिगळं असतात, पण ठिगळाला निदान शिवण सरळ असते. देवासचं आलोट कुठं, सारंगपूर कुठं, रिंगणोद कुठं! धारचा बेरसिया परगणा तर भोपाळच्याही पलीकडे. १८५७ नंतर धार संस्थान जप्त झालं, १८६० मध्ये परत मिळालं, पण बेरसिया मिळालं नाही. ते भोपाळच्या बेगमांना गेलं. जुन्या नकाशाचं साल ओळखायला ही खूण उपयोगी पडते: नकाशावर साल नसलं आणि बेरसिया भोपाळच्या रंगात असलं, तर तो १८६० च्या नंतरचा धरायचा. एका परगण्याचा रंग बदलतो, त्यामागे एक बंड, एक जप्ती आणि एक बक्षीस असतं.

माझ्या प्रतीत एके ठिकाणी, चंबळेच्या एका वळणावर, गुलाबी रंग रेघ सोडून पलीकडे गेलेला आहे. तांदळाच्या दाण्याएवढाच. पण तिथं कुंचला थबकलेला दिसतो, आणि लगेच ओल्या टोकाने रंग मागे ओढायचा प्रयत्न केलेलाही दिसतो. कागदावर फिकट डाग राहिला आहे. हजारो मैलांवरच्या नदीचं वळण चुकलं म्हणून हळहळलेला तो हात. त्या हाताला चंबळ म्हणजे काय हे माहीत नव्हतं. महूजवळच्या जानापावच्या डोंगरात ती उगम पावते, तिथं आम्ही दर पावसाळ्यात जातो. मी नकाशे जमवतो ते या दाण्याएवढ्या डागासाठी, असं म्हटलं तरी चालेल. छापील रंगाचा नकाशा जाणता असतो, अचूक असतो. हाताने रंगवलेल्याच्या अंगावर मात्र माणूस राहून गेलेला असतो.

माझी आत्या देवासची. तिच्या लहानपणी संस्थानं होती. १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाली तेव्हा ती बारा वर्षांची होती. काही वर्षांपूर्वी दिवाळीला ती आमच्याकडे राहायला आली, तेव्हा मी माल्कम काढला. तिने चष्मा पुसला, बोट कागदाला न लावता वरच्या वर फिरवलं, इंदूर ओलांडलं आणि थांबली.

"हे देवास?"

"हो आत्या."

"अरे, पण इथं तर एकच ठिपका आहे. थोरली पाती कुठली आणि धाकटी कुठली?"

देवासबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. तुकोजी आणि जिवाजी या पवार भावांनी अठराव्या शतकात मिळालेला मुलूख वाटून घेतला आणि एका गावात दोन संस्थानं नांदली: थोरली पाती, धाकटी पाती. दोन राजवाडे, दोन दरबार, दोन कचेऱ्या. वाटणी किती तोलून होती पाहा: गॅझेटियरमध्ये थोरलीचं क्षेत्रफळ ४४६ चौरस मैल दिलं आहे आणि धाकटीचं ४४०. वरच्या टेकडीवर देवीही दोन, तुळजाभवानी बडी माता आणि चामुंडा छोटी माता. इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांकडे खासगी सचिव होता आणि त्या दिवसांवर त्याने १९५३ मध्ये 'द हिल ऑफ देवी' लिहिलं, ते याच टेकडीच्या नावाने.

मी आत्याला सांगितलं, एवढ्या मोठ्या मुलखाच्या नकाशात गावातली वाटणी दाखवता येत नाही, तेवढी जागाच नसते. तिला ते पटलं नाही. तिने टेबलावरचं वर्तमानपत्र ओढलं, त्याच्या कोऱ्या समासावर पेन्सिलने रस्ता काढला आणि मला समजावू लागली. "हा रस्ता. आमचा वाडा या अंगाला, म्हणजे धाकट्या पातीत. आप्पा धाकट्या पातीच्या कचेरीत कारकून. माझी शाळा पलीकडे, थोरल्या पातीत. थोरल्या महाराजांचा वाढदिवस आला की मला सुट्टी आणि आप्पांना कचेरी. आई म्हणायची, रस्ता ओलांडून जातेस तर राज्य ओलांडून जातेस, नीट जा."

तिने काढलेली रेघ थरथरती होती आणि एका जागी दुहेरी झाली होती, कारण तिथं विहीर होती आणि विहिरीवर दोन्ही पात्यांचा हक्क होता, असं ती म्हणाली. तो वर्तमानपत्राचा तुकडा मी माल्कमच्याच खणात, वेगळ्या पाकिटात ठेवला आहे. माझ्या संग्रहातला हाताने काढलेला एकच नकाशा तो.

आता त्याच्या जखमेविषयी. डाव्या कडेला, जिथं तो पुस्तकात शिवलेला होता, तिथं कागद एका रेषेत फाटलेला आहे. कापलेला नाही, ओढून काढलेला आहे. मला तो सुटाच मिळाला, एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. पुस्तकाचे दोन खंड विकण्यापेक्षा नकाशा वेगळा, चित्रं वेगळी आणि मजकूर रद्दीत, असा हिशेब जास्त पैसे देतो. जगभर हे चालतं आणि या हिशेबाने किती ग्रंथ मोडले गेले याची गणतीच नाही. मी त्याला सोडवून आणलं असं पहिली काही वर्षं मला वाटत असे. आता तसं वाटत नाही. सुटा नकाशा विकत घेणारा माणूस पुढच्या पुस्तकाची शिवण उसवायला कारण होतो, आणि त्यात मीही आहे. त्याच पुस्तकाच्या पुरवणीत कॅप्टन डेंजरफील्डने माळव्याच्या भूस्तरांवर लिहिलं आहे, आपल्या काळ्या मातीखालच्या काळ्या दगडावर. याच डेंजरफील्डने बाघच्या लेण्यांचं पहिलं वर्णन लिहून छापलं. बाघ आज धार जिल्ह्यात आहे. नकाशा आणि तो मजकूर एका पुठ्ठ्यात राहायला हवे होते. माझा माल्कम आपल्या घरच्यांपासून तुटलेला आहे, आणि त्याला मी कितीही जपलं तरी ती शिवण परत येणार नाही.

दुखणीही आहेत. आधीच्या कोणीतरी मधल्या घडीला सेलोटेप लावली होती. टेप सुकून पडली, तिचा डिंक कागदात उतरून तपकिरी पट्टा झाला. तो आता जाणार नाही. कागद दुरुस्त करणाऱ्या जाणकाराने मला पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरायला शिकवली: नंतर पाण्याने सोडवता येईल तेवढंच चिकटवायचं. हे शिकण्याआधी मी एक गुन्हा केलेला आहे. १८५१ च्या टॅलिसच्या ॲटलासमधला, कडेने चित्रांची नक्षी असलेला हिंदुस्थानचा एक नकाशा मी डाग घालवायला पाण्यात ठेवला. शाई हलली नाही, पण हाताने दिलेला रंग पाच मिनिटांत पाण्यात उतरला. त्या परातीतलं गुलाबी पाणी मला अजून दिसतं.

पावसाळ्यात खणात कसर होते, ती खळीवर आणि डिंकावर जगते. ऊन तर त्याच्यावर पडूच देत नाही, कारण गुलाबी आधी जातो. जुन्या डच नकाशांतला हिरवा आणखी वाईट; तो जंगालाचा, म्हणजे तांब्याच्या गंजाचा. शंभरेक वर्षांत तो तपकिरी होतो, कागद जाळत जातो, आणि मागून पाहिलं तर नकाशातली राज्यं जळक्या कडांनी उमटलेली दिसतात. माझ्या माल्कमचा हिरवा सुदैवाने तो नाही.

या छंदात येऊ पाहणाऱ्यांना एकच सांगतो: काळ्या-पांढऱ्या जुन्या नकाशाला आज रंग देऊन जुना रंग म्हणून विकतात, त्यापासून जपा. घडीवर भिंग धरा. कागद घडीवर झिजल्यानंतर दिलेला रंग त्या झिजेत शिरतो आणि तिथं गडद दिसतो. मूळचा रंग कागदाबरोबर झिजलेला असतो. बाकी सुझन गोल यांचं 'अर्ली मॅप्स ऑफ इंडिया' हे १९७६ चं पुस्तक मिळालं तर जरूर वाचा. आणि हैदराबादच्या कलाकृती संग्रहातले नकाशे कुठं मांडले गेले तर सोडू नका. २०१५ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं होतं.

धारला, देवासला, इंदूरला, उज्जैनला अजून जुने मराठी वाडे आहेत. माळ्यावर ट्रंका आहेत, आणि वाडा विकायला काढला की त्या पहिल्यांदा रद्दीवाल्यापुढे येतात. द्यायच्या आधी एकदा उघडून पाहा. जाड पुस्तकात मध्येच दुमडलेला मोठा कागद लागला तर तो ओढू नका. सावकाश उलगडा, कडांना रंग आहे का ते पाहा, होता तसाच मिटवा. विकायचंच असेल तर पुस्तकासकट विका, द्यायचा असेल तर ग्रंथालयाला पुस्तकासकट द्या. नकाशा पुस्तकात शिवलेला असेल, तर त्याला तिथंच राहू द्या.